इंटरनेट सगळीकडे आहे, पण सगळ्यांकडे नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज जगात किती लोक इंटरनेट वापरतात?

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे ५५० कोटी. म्हणजे जगातले ६८ टक्के लोक. उरलेले २६० कोटी तेव्हा बाहेरच होते.

पण या सरासरीने फारसं काही कळत नाही. श्रीमंत देशांत ९३ टक्के लोक ऑनलाइन होते, सर्वांत गरीब देशांत २७ टक्के. शहरांत ८३, ग्रामीण भागात ४८. पुरुषांमध्ये ७० आणि बायकांमध्ये ६५. शिवाय या मोजणीत 'वापरणारा' कोण, तर ज्याने गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी, कुठूनही, कशावरूनही इंटरनेट वापरलं तो. शेजाऱ्याच्या फोनवर मुलाचा निकाल पाहिला, झालात तुम्ही इंटरनेटधारक. त्यामुळे ६८ टक्के हा आकडा तसा उदार आहे.

जे बाहेर आहेत त्यांच्याकडे टॉवर पोहोचले नाहीत, हेच कारण ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए दरवर्षी दोन गोष्टी वेगळ्या मोजते: रेंजच नाही असे किती, आणि रेंज असूनही मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत असे किती. २०२३ अखेरचं चित्र असं होतं: रेंजच नाही असे सुमारे ३५ कोटी, म्हणजे ४ टक्के. रेंज आहे पण वापर नाही असे सुमारे ३१० कोटी, म्हणजे ३९ टक्के. (ही मोजणी फक्त मोबाइल इंटरनेटची आहे, म्हणून वरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाही.)

म्हणजे टॉवरच्या सावलीत राहूनही नेट नसलेले लोक, टॉवर नसलेल्यांच्या कितीतरी पट आहेत. का? हँडसेट परवडत नाही, हे पहिलं कारण. महिन्याचा रिचार्ज एकवेळ जमवता येतो, पण फोनची किंमत एकदम मोजावी लागते. दुसरं कारण लिहिता-वाचता न येणं, किंवा येत असूनही बोटाने सरकवायच्या पडद्याची भीती वाटणं. काही ठिकाणी तर चार्जिंगचीच अडचण: सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरात अजून वीज नाही.

तरीही सरकारांचा आणि कंपन्यांचा ओढा टॉवर उभारण्याकडेच असतो. टॉवर दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. लोकांना शिकवायला वर्षभर माणूस बसवला तर फीत कशाची कापणार?

इंटरनेटने समाजाचं भलं किती झालं, हे खरंच मोजलं गेलं आहे का?

गेलं आहे, आणि भलं झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. गाजलेलं उदाहरण केरळच्या किनाऱ्याचं आहे, आणि तेही इंटरनेटच्या आधीचं, साध्या मोबाइलचं. १९९७ ते २००१ च्या दरम्यान तिथे टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. त्याआधी एका बंदरावर तारलीचा ढीग पडून कुजायचा आणि काही किलोमीटरवरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी मोजलं तेव्हा पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के अशी वाया जात होती. नावेतून फोन करून कोणत्या बंदरावर भाव आहे ते विचारता येऊ लागलं आणि नासाडी जवळपास थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. दोघांचाही फायदा झाला, असं बाजारात क्वचित होतं.

आफ्रिकेत समुद्राखालच्या वेगवान केबली पोहोचल्यावर जोडल्या गेलेल्या भागांत रोजगार वाढला, असंही एका मोठ्या अभ्यासात दिसलं. कमी शिकलेल्यांनाही कामं मिळाली, पण वाढीचा मोठा वाटा कौशल्य लागणाऱ्या कामांचा होता. लाभ मिळतो, पण हाताशी आधीच काही असलेल्याला जास्त मिळतो, हे इथूनच दिसायला लागतं.

आकड्यांत न मावणारे फायदेही आहेत. बहिऱ्या माणसाला टेलिफोनने शंभर वर्षं काहीच दिलं नव्हतं. व्हिडिओ कॉल आला आणि त्याला दूरच्या माणसाशी स्वतःच्या, हातांच्या भाषेत बोलता आलं. दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला तसाच दुसरा रुग्ण आयुष्यात कधी भेटला नसता, तो आता भेटतो.

मग ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याचं नुकसान ते काय? तो होता तिथेच आहे ना?

नाही. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१९९५ साली इंटरनेट नसलेल्या माणसाचं काही अडत नव्हतं, कारण कोणाचंच काही ऑनलाइन नव्हतं. बँकेत खिडकी होती, तिकिटाला रांग होती, नोकरीची जाहिरात पेपरात यायची, अर्ज टपालाने जायचा. आज तो माणूस तसाच आहे, पण त्याच्या भोवतीच्या खिडक्या बंद झाल्यात. 'आता बहुतेक लोक ऑनलाइनच करतात' असं म्हणून शाखा कमी होतात, छापील फॉर्म संपतात, काउंटरवरचा माणूस दुसरीकडे हलवला जातो. उरलेली एकमेव शाखा लांब पडते आणि तिथली रांग दुप्पट होते. नेट जितकं पसरतं, तितकं नेट नसणं महाग होत जातं. दहापैकी दोघांकडे नेट असताना मागे राहणं आणि दहापैकी नऊ जणांकडे असताना मागे राहणं, यात दुसरं जास्त वाईट. कारण तेव्हा तुमच्यासाठी वेगळी सोय ठेवायला कोणी तयार नसतं आणि तुमच्या बाजूने ओरडायलाही फारसं कोणी उरलेलं नसतं.

कधी कधी मात्र ओरडणारा भेटतो. स्पेनमध्ये २०२२ साली ७८ वर्षांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी बँकांच्या विरोधात मोहीम उघडली. घोषणा होती: 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही.' खिडकीवर माणूस ठेवा, एवढीच मागणी. सहा लाखांवर सह्या जमल्या आणि बँकांना वृद्धांसाठी काउंटरच्या वेळा वाढवण्याचं कबूल करावं लागलं. गंमत म्हणजे या सह्या जमल्या त्या ऑनलाइन.

पण फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेता येतो की. त्यात काय बिघडलं?

बऱ्याचदा काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा कसं, ते एका नमुन्यातून पाहू.

एका बाईंना पेन्शनचा अर्ज करायचा आहे. त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्या पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्याकडे जातात. फोटो ५० केबीच्या आत हवा, म्हणून तो फोटो इतका लहान करतो की चेहरा ओळखू येऊ नये. पत्त्याच्या रकान्यात अक्षरं पुरत नाहीत, तेव्हा अर्धा पत्ता गळतो. ईमेल सक्तीचा आहे. बाईंचा ईमेल नाही, म्हणून तो स्वतःचा टाकतो. ओटीपी बाईंच्या फोनवर येतो, पण तो वाचायला फोन त्याच्याच हातात द्यावा लागतो. मध्येच पानाची वेळ संपते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पासवर्ड तो ठरवतो आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. अर्ज जातो, पावती मिळते, बाई समाधानाने घरी जातात.

काही आठवड्यांनी 'फोटो अस्पष्ट, दुरुस्ती करा' असा ईमेल येतो. तो जातो त्याच्याकडे. रोज शंभर ईमेल येणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटतो. मुदत संपते, अर्ज रद्द होतो. बाईंना एवढंच कळतं की आपल्याला डावललं.

यात कोणीही लबाड नाही. फॉर्म भरणाऱ्याने मदतच केली. पण ओळखपत्राच्या प्रती, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड आणि सरकारशी होणारा सगळा पत्रव्यवहार आता तिऱ्हाइताच्या वहीत आहे, आणि तो तिऱ्हाईत लबाड निघाला तर काय, हा प्रश्न वेगळाच. अहवालात मात्र हा अर्ज 'ऑनलाइन प्राप्त' म्हणून यशाच्या रकान्यात जमा होतो. ऑनलाइन अर्जांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं.

घरात एक स्मार्टफोन आहे, म्हणजे घर जोडलं गेलं असं धरायचं का?

फोन कोणाच्या खिशात असतो, ते आधी विचारा. घरात एकच फोन असेल तर तो बहुतेकदा कमावत्या पुरुषाबरोबर सकाळी बाहेर पडतो. जीएसएमएच्या २०२४ च्या अहवालानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बायका मोबाइल इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आहे. फोन हाती आला तरी तो 'घरचा' असतो: काय पाहिलं, कोणाशी बोललं, हे घरातला कोणीही उघडून पाहू शकतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मदत शोधायची असेल तर अशा फोनचा उपयोग नाही, उलट धोकाच.

मुलांचं काय होतं ते महासाथीत दिसलं. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की ३ ते १७ वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट जोडणी नाही. शाळा मात्र ऑनलाइन भरत होत्या. तीन भावंडं आणि एक फोन असेल तर कोणाचा तास बुडणार, हे घरात गुपचूप ठरायचं. बहुतेकदा मुलीचा.

फोनवर सगळंच होतं. कॉम्प्युटर हवाच कशाला?

व्हिडिओ बघायला, पैसे पाठवायला, गप्पा मारायला फोन उत्तम. पण पाच पानांचा निबंध लिहा, हिशेबाचा तक्ता करा, नोकरीसाठी बायोडेटा नीट मांडून पाठवा, मग बोलू. फोन मुख्यतः घेण्याचं साधन आहे. काही तयार करायचं तर कळफलक, मोठा पडदा आणि न संपणारा डेटा लागतो. दिवसाचा कोटा संपायला आल्यावर ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ बंद करणारा विद्यार्थी आणि घरी फायबर असलेला विद्यार्थी, दोघांचीही नोंद 'इंटरनेट आहे' अशीच होते.

वृद्धांनी आता शिकून घ्यायला नको का?

घेतातही. पण अॅप दर काही महिन्यांनी रूप बदलतं, कालचं बटण आज सापडत नाही, आणि शिकलेलं वाया जातं. त्यात फसवणुकीचे फोन. 'चुकून काही दाबलं तर पैसे जातील' ही भीती वेडगळ नाही, ती अगदी रास्त आहे. आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही: आत आलेले लोकही बाहेर पडतात. दृष्टी मंदावते, बोटं थरथरतात, जुन्या फोनवर अॅप चालेनासं होतं, कंपनी थ्रीजी बंद करते. ऑनलाइन असणं ही एकदा कमावली की कायमची राहणारी गोष्ट नाही.

अपंग व्यक्तींसाठी तर इंटरनेट वरदान आहे ना?

वेबसाइट नीट बांधली असेल तर हो. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तरी वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची पहिली पानं तपासते, तेव्हा जवळपास ९५ टक्के पानांवर दोष सापडतात. तेही मशिनला सापडणारे, म्हणजे ढोबळ: फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नाही, रकान्याला नाव नाही. नाव नसलेल्या बटणावर आल्यावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, नुसतं 'बटण' म्हणतो. ते 'जतन करा' आहे की 'रद्द करा', हे अंध माणसाने ओळखायचं तरी कसं?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण या विषयात कायम सांगावं असं आहे. अॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्या एका महिलेला बँकेत खातं उघडायचं होतं. ओळख पटवण्याची डिजिटल पद्धत म्हणत होती: कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा. ते त्यांना शक्य नव्हतं. माणूस समोर जिवंत उभा, पण यंत्रणेच्या लेखी नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ही पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्याचे आदेश दिले.

भाषेची अडचण अजून आहे का? आता तर सगळ्या भाषांत टाइप करता येतं.

टाइप करता येतं, पण वाचायला काय आहे? वेबसाइटांपैकी सुमारे निम्म्या इंग्रजीत आहेत आणि कोट्यवधी लोक बोलतात अशा कित्येक भाषांचा वाटा नगण्य आहे. बोलून शोधण्याची सोय आल्यामुळे न वाचता येणाऱ्यांचं थोडं साधलं. तरी प्रश्न आपल्या भाषेत विचारला आणि उत्तराचं पान परक्या भाषेत उघडलं, की तिथेच गाडी अडते.

थोडंसं इंटरनेट फुकट दिलं तर? काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का?

फेसबुकने नेमकं हेच म्हटलं होतं. 'फ्री बेसिक्स'मध्ये ठरावीक साइट फुकट आणि बाकीचं इंटरनेट पैसे भरून. भारताच्या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये असे भेदभावाचे दर लावण्यास मनाई केली, इतर अनेक देशांत ते चालू राहिलं. माझं मत नियामकाच्या बाजूचं आहे. गरिबाला काय दिसावं हे कंपनीने ठरवायचं आणि श्रीमंताने स्वतः, अशी दोन इंटरनेटं एकदा रुजली की मोडत नाहीत. फुकट द्यायचंच तर काही एमबी द्या, काय बघायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

सगळं जोडलेलं असताना इंटरनेट बंद पडलं तर?

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाने ते अनुभवलं. १५ जानेवारी २०२२ ला समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या उद्रेकात त्या देशाला जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली. मुख्य बेटावर ती पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांवर अनेकांचं घर चालत होतं, तेही अडकले.

दुसरा प्रकार मुद्दाम बंद करण्याचा. इजिप्तने २०११ मध्ये आंदोलन चिघळल्यावर पाच दिवस देशभर इंटरनेट तोडलं. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेलं फोरजी सगळीकडे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. कारण सुरक्षेचं सांगितलं जातं आणि काही वेळा ते खरंही असतं. पण पैसे, परीक्षा, औषधोपचार सगळं एकाच तारेवर टांगल्यानंतर ती तार कापली, तर शिक्षा सगळ्यांना होते. जम्मू-काश्मीरच्या याच प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी चालणार नाही, असं स्पष्ट केलं.

इंटरनेट हा कायद्याने हक्क आहे का?

काही ठिकाणी. फिनलंडने १ जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला किमान १ एमबीपीएस वेगाची जोडणी देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. फ्रान्सच्या घटना परिषदेने २००९ मध्ये इंटरनेट वापरणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. पण माझ्या मते उलट्या बाजूचा हक्कही तितकाच महत्त्वाचा आहे: इंटरनेट न वापरता आपली कामं करून घेण्याचा. स्वीडनमध्ये रोख पैसे इतके कमी झाले की मोठ्या बँकांना रोखीची सेवा चालू ठेवणं कायद्याने भाग पाडावं लागलं.

उपग्रहाचं इंटरनेट आलं की प्रश्न सुटेल?

डोंगरात, बेटांवर, जहाजांवर खूप फरक पडेल. पण वर पाहिलंच, रेंज नसलेले ४ टक्के आहेत. बाकीच्यांची अडचण आकाशातून सुटणारी नाही.

सोशल मीडियामुळे समाज बिघडतोय, मग मागे राहिलेले सुखी नाहीत का?

अफवा, व्यसन, द्वेष हे प्रश्न खरे आहेत. पण 'बरं झालं तुमच्याकडे नाही' असं म्हणणारा स्वतः फोनवरच असतो. शिवाय अफवा फोन नसलेल्यापर्यंतही पोहोचते. फक्त ती खरी की खोटी, हे तपासायचं साधन त्याच्याकडे नसतं.

आमचं कार्यालय सगळे अर्ज ऑनलाइन करणार आहे. काय बघावं?

पहिलं, खिडकी बंद करू नका. वर्षभर दोन्ही चालवा. दुसरं, फॉर्म ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तपासू नका. स्वस्तातला, जुना फोन घ्या, वाय-फाय बंद करा आणि फॉर्म करणाऱ्याला नाही, तर हिशेब विभागातल्या किंवा पहाऱ्यावरच्या माणसाला तो भरायला लावा. तो कुठे अडला ते शेजारी बसून लिहून घ्या, मध्ये बोलू नका. ईमेल सक्तीचा ठेवू नका. अर्धवट भरलेलं आपोआप जतन होऊ द्या. नंबर बदलला तर खातं परत कसं मिळवायचं, याचा रस्ता आधीच ठरवा. मोठा फोटो लहान करायचं काम तुमच्या सर्व्हरने करावं, अर्जदाराने नाही. कॅप्चा, म्हणजे 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करायला लावणारं कोडं, टाळता येत असेल तर टाळा.

आणि आलेले अर्ज मोजून थांबू नका. पात्र लोकांची यादी तुमच्याकडे असतेच. त्यातून ज्यांचा अर्ज आलाच नाही ती नावं वेगळी काढा आणि त्यातल्या वीस-पंचवीस जणांकडे प्रत्यक्ष माणूस पाठवा. त्यांना मेसेज पाठवून कारण विचारू नका. मेसेज पोहोचत असता तर अर्जही आला असता.